अर्ध्या शटरचा उजेड

छत्रपती संभाजीनगर
२१ जुलै

मेघा,

“मंजू, फोटो काढताना तू बहिरी होतेस.”

हे तू मला दोनदा म्हणालीस. पहिल्यांदा हसत. मंडपवाल्या नानासाहेबांच्या गोदामात तुमच्या बँडची प्रॅक्टिस चालली होती. सांडूच्या मोठ्या झांजेचा स्टँड कोसळला, झांज फरशीवरून घरंगळत माझ्या पायाशी येऊन फिरत राहिली, आणि मी अभयच्या गिटारवरच्या बोटांवरून कॅमेरा हलवला नाही. नंतर मी शपथेवर सांगत होते की कसलाही आवाज झाला नाही. तुम्ही चौघं पोट धरून हसलात. मोईन म्हणाला, “मंजू आपा, कान घर पे छोड के आये क्या?” आणि मग तू ते वाक्य म्हणालीस. माझ्यापेक्षा लहान असून मला ताई न म्हणणारी तू एकटीच होतीस. मला ते आवडायचं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा म्हणालीस, त्याबद्दल आज लिहीत नाही.

पत्र पाठवतेय कारण तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, एखाद्या शब्दाचं उत्तर देतेस, वाढदिवस विसरत नाहीस, पण फोन नुसता वाजू देतेस. मग मीही करायचं सोडलं. लातूरच्या ऑफिसचा पत्ता अभयनं दिला. तुला वीज कंपनीत नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा सांडू म्हणाला होता, “जल्मभर लाईटवाल्यांना शिव्या घातल्या अन् आता त्यांच्यातच जाऊन बसली व्हय!” तो तुझ्यावर रागावलेला नव्हता. त्याला आनंद झाला की तो असंच बोलतो.

बातमी अशी आहे की पडेगावचं गोदाम जाणार. नानासाहेब थकलेत. मंडपाचा धंदा आता त्यांचा मुलगा सुदर्शन बघतो. त्यानं मोठं लॉन काढलंय, तिथं सगळं तयार असतं, कनाती-खांब कुणी मागत नाही. गेल्या आठवड्यात नानासाहेब माझ्या स्टुडिओत आले. सदऱ्याच्या खिशात अजून सुईदोरा असतो, फाटलं कापड दिसलं की बोटं वळवळतात म्हणे. चहा पिता पिता म्हणाले, “मंजे, गोदाम रिकामं व्हायलंय. पाडायच्या आधी तुझ्या त्या भुतांचे फोटू लाव की तिथं. लोकं बघून घेतील.”

भुतं म्हणजे तुम्ही. आठवतं ना? लाईट गेली की गोदामात अंधार व्हायचा, मी शटर अर्धंच वर ओढायची, आणि दुपारचा उजेड फरशीवर आपटून खालून तोंडावर यायचा. समोर मंडपाचं पांढरं सॅटीन टांगलं की सावल्या जरा मऊ व्हायच्या. नानासाहेबांनी पहिला प्रिंट पाहिला आणि म्हणाले, “ही काय भुतासारखी काढलीस पोरं? माणसाचा फोटू कसा वरून उजेड पडल्यासारखा पायजे.” मी तोवर शेकडो नवरानवरींना वरून उजेड पाडला होता. मला पहिल्यांदाच असे चेहरे मिळत होते, ज्यांना गोरं दिसायचं नव्हतं.

तर मी लावणार आहे. सगळे. ‘त्रेपन्नावा’ या तुमच्या बँडच्याच नावाखाली. “शहराला दरवाजे बावन्न, त्रेपन्नावा आम्ही,” असं तू माईक हातात घेऊन म्हणायचीस, आणि मग लगेच, “मागच्यांना ऐकू येतंय का?” मागचे ओरडायचे. तू समाधान होईपर्यंत पुन्हा विचारायचीस.

एक फोटो मात्र तू कुणाला दाखवू नको म्हणाली होतीस. मी दाखवलेला नाही. तो माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो आहे, म्हणून विचारायचं धाडस करते.

लावू का?

मंजू


४ ऑगस्ट

मेघा,

तुझा मेसेज आला. “बाकी सगळे लाव. तो नको.” तुझ्या मानानं हे लांबलचक पत्रच झालं.

नाही लावणार. राग आला होता, तो दोन दिवस स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांवर काढला. एका पासपोर्टवाल्यावर “हसू नका” म्हणून जोरात ओरडले, तो बिचारा हसतच नव्हता.

मग निगेटिव्ह काढून बसले. तुम्हाला ठाऊक होतं, पण आता कुणाला सांगितलं तर पटत नाही: तुमचे सगळे फोटो लग्नाच्या उरलेल्या रोलवर आहेत. पाठवणी झाली, गाडी गेली, आणि रोलमध्ये दोन-तीन चौकटी राहिल्या की त्या मी वाया घालवत नसे. तशीच पडेगावला यायचे. त्यामुळे प्रत्येक पट्टीवर आधी कुणीतरी नवरी रडतेय आणि तिच्या शेजारी तुम्ही. आईच्या गळ्यात पडलेली मुलगी, मामाचा रुमाल, गाडीच्या काचेवरचा हात, आणि पुढच्या चौकटीत सांडू, कंपनीचा निळा शर्ट, बाहीवर ग्रीस, जुन्या फॅशनच्या लाल मखमली सिंहासनावर काठ्या घेऊन बसलेला.

तो वाळूजची पहिली शिफ्ट करून कंपनीच्या बसनं यायचा. डोळे झोपेनं जड. पण काठ्या हातात आल्या की त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून जायचं. थकवा, गाव, सुपरवायझर, सगळं. उजेड कमी असल्यामुळे माझ्या कॅमेऱ्याचं शटर सावकाश उघडमीट व्हायचं, म्हणून तुमच्या फोटोंत एक गोष्ट कायम झाली: जो वाजवतोय त्याचे हात येत नाहीत. चेहरा स्वच्छ येतो आणि हातांच्या जागी नुसती हललेली हवा. सुरुवातीला मला ती चूक वाटायची. मग मी तिची वाट बघू लागले.

सांडूचा तोच फोटो अल्बममध्ये गेला होता, ते तुला सांगितलं होतं का? सोयगावकडचं एक लग्न होतं. अल्बम बांधणाऱ्यानं रोलच्या नंबरप्रमाणे सगळे प्रिंट लावले आणि पाठवणीनंतर पानभर सांडू. काठ्या, मखमली सिंहासन, खालून उजेड. मला पत्ताच नाही. वर्षभरानं नवरीची आई मालनबाई स्टुडिओत आल्या.

“बाई, हे पोरगं कोण हाय? आमच्याकडचं म्हणावं तर आमच्यात नाय. व्याही म्हणत्यात आमचं बी नाय.”

मी शरमेनं लाल. म्हटलं, द्या अल्बम, आत्ता काढून देते. तर त्यांनी अल्बम छातीशी धरला. “ऱ्हाऊ द्या. लई रुबाबदार बसलंय. आता सवय झाली त्याची. येणारा जाणारा इच्यारतो, तेवढाच इषय निघतो.”

गंमत पुढेच आहे. सांडूच्या आईनं, कडूबाईंनी, तो अल्बम कुणाच्या तरी घरी पाहिला आणि घरी येऊन सांडूला झापलं, “न बोलवता लग्नात जेवून आला व्हय रं? अन् वरून नवरदेवाच्या खुर्चीत बसला!”

मोईनचा फोटो मी दारातच लावणार आहे. खुलताबादहून तो यायचा तेव्हा त्याच्या बोटांना गुलाबाचा वास असायचा, दर्ग्यापाशी त्यांचं फुलांचं आणि चादरींचं दुकान ना. लाईट गेली की त्याच्या बेस गिटारला आवाजच राहायचा नाही. अभयच्या तारा निदान किणकिणायच्या. मोईन मान वाकवून हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवायचा आणि डोळे मिटून वाजवत राहायचा. मी विचारलं, “काय करतोयस?” तर म्हणाला, “हड्डी से सुनरा मैं, आपा. बाहर कुछ नै, अंदर पूरा गाना चालू है.” मी त्यालाच म्हणाले, हलू नको. इतकी वर्षं मी माणसांना ‘हनुवटी वर’ सांगत आलेय. हनुवटी खाली असलेला माझा हा एकच फोटो.

आणि अभय. तो लाजरा, कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचा. शेवटी मी त्याच्या पाठीचाच फोटो काढला: मान एका बाजूला झुकलेली, कानामागे घाम, आणि खांद्यावरून डोकावणारा गिटारचा दांडा. त्याच्या बायकोला तो फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “ताई, हे भांडण झाल्यावर असेच बसतात.”

तुझे जे लावणार आहे त्यात तू पाणी पितेयस तो आहे, मोईनला मारायला धावतेयस तो आहे, आणि ढोलांवरून टॉवेल ओढून काढतेयस तोही. त्या टॉवेलबद्दल पुढच्या पत्रात.

मंजू


१७ ऑगस्ट

मेघा,

एक गोष्ट लपवली होती. तुला विचारायच्या आधीच मी तो फोटो मोठा करून घेतला होता. अगदी माणसाएवढा. तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं, पण मला तो एकदा त्या आकारात पाहायचा होता. आता तो स्टुडिओच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे.

पाहिलेल्यांत फक्त नानासाहेब आहेत. ते अचानक आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. मग कानाशी हात नेऊन म्हणाले, “आरारा! केवढा आवाज व्हता गं पोरीचा! हितं ऐकू यायलाय.”

मी प्रिंट पुन्हा भिंतीकडे फिरवला. आता तुझ्याशी बोलते.

तो फोटो काढला त्या वर्षी लाईट रोज जायची. पेपरात वेळापत्रक यायचं आणि ते तू गोदामाच्या दारावर चिकटवायचीस. बाकीच्यांना लाईट गेली की विश्रांती. सांडू खुर्चीच्या हातावर हळू वाजवायचा, म्हणजे माईक नसताना तुला ढोलांच्या वरून ओरडावं लागू नये. तू एकदा ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “खुर्ची बडवून रॉक होत नाही. ड्रमवर ये.” त्यानं ढोलांवर टॉवेल टाकला. तू तो ओढून काढलास. “लाईट गेली म्हणून मी कमी का होऊ?”

मी त्या वाक्यावर भाळले होते, मेघा. अजून आहे. आमच्या घरात लग्न ठरेपर्यंत मुलींनी हळू बोलायची पद्धत होती, आणि ठरल्यावर आणखी हळू. तू माईकशिवाय, ढोलांच्या वरून, पत्र्याच्या छपराखाली गायचीस आणि बाहेर रस्त्यावर ट्रकवाले वेग कमी करायचे. मी तुझ्यासारखी कधी होणार नव्हते. निदान तुझ्यापुढं उभी राहून तुला पकडून ठेवू शकत होते.

पुंडलिककाका आले होते ती दुपार आठवते? आम्हाला वाटलं आता तुला ओढत नेतील. भीमजयंतीच्या स्टेजवर गाण्यात ज्यांनी हयात घालवली, ते आपल्या मुलीचं हे गाणं कसं खपवून घेतील? ते शटरखालून वाकून आत आले, सगळ्यांना जय भीम घातला, नवरीच्या खुर्चीत बसले आणि ‘टाकी उघडी ठेव’ पूर्ण ऐकलं. नळाला पाणी कधी येईल याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं. तू लिहिलेलं. संपल्यावर म्हणाले, “गाणं खरं हाय. आपल्या गल्लीचं हाय.” तू फुललीस. मग म्हणाले, “पर गळा चुकीचा वापरायलीस. आम्ही बी बिनमाईकचं गायलोय, पर बेंबीपासून. तू नरड्यानं भांडायलीस. सांडूभाऊ, तेवढा टॉवेल ऱ्हाऊ द्या बरं.”

“बाबा, हे वेगळं असतं,” तू म्हणालीस.

“नरडं सगळ्याला एकच असतं, बाई.”

आणि त्यांनी स्वतः उभं राहून ती पहिली ओळ गाऊन दाखवली. तुमच्याच चालीत. मोईनची हनुवटी वर आली. अभयनं पहिल्यांदा तोंड आमच्याकडे केलं. त्यांचाही फोटो आहे माझ्याकडे. तो लावणार आहे, त्यालाही ‘नको’ म्हणू नकोस.

त्या फोटोची दुपार मात्र मार्चातली. कॉलेजच्या गॅदरिंगला तुम्हाला बोलावलं होतं, त्याची गोदामात प्रॅक्टिस चालली होती. मी एका लग्नावरून आले, रोलमध्ये शेवटची चौकट होती. लाईट गेली. तू ‘टाकी उघडी ठेव’ धरलंस. शेवटचं ‘ठेव’ तू लांबवत न्यायचीस, छपराला लागेपर्यंत. मी डोळा लावला. खालचा उजेड तुझ्या गळ्यावर होता, शिरा ताणलेल्या, तोंड पूर्ण उघडं, डोळे विस्फारलेले. मी तसलं काही आधी पाहिलं नव्हतं. बटण दाबलं, कॅमेरा खाली केला आणि म्हणाले, “काय आवाज लागलाय गं आज!”

कुणी हसलं नाही. तेव्हा मला ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये.

तुझा आवाज त्या ‘ठेव’च्या सुरुवातीलाच गेला होता. मी जे पाहिलं ते गाणं नव्हतंच. तू गळ्यावर हात ठेवलास, घशातून नुसती हवा आली, आणि त्या हवेतून तू ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणालीस. मग म्हणालीस, आत्ता काढलास तो फोटो कुणाला दाखवू नको. त्यानंतर मी तुझा आवाज ऐकलेला नाही.

दवाखाना, ऑपरेशन, महिनाभर मौन, हे सगळं अभयकडून कळत गेलं. आवाज परत आला, पण जाड आणि चिरलेला, असंही कळलं. मी भेटायला येते म्हटलं तेव्हा तुझा मेसेज: “हा आवाज माझा नाही. ह्यानं तुमच्याशी काय बोलू?” पुंडलिककाका गेले तेव्हा आम्ही सगळे आलो होतो. तू माझा हात धरलास, मान हलवलीस, पाणी दिलंस. बोलली नाहीस. अनोळखी माणसांशी तू बोलतेस, नोकरी आहे म्हणजे बोलावंच लागत असेल. ज्यांनी आधीचा ऐकलाय, त्यांच्याशी नाही. इतकं मला समजलं.

आता हे वाच. फोटो माणसाएवढा झाला तेव्हा मला त्यात एक दिसलं. तुझ्यामागे, जरा अंधारात, सांडू आहे. आणि त्याचे हात दिसतायत, मेघा. दोन्ही. काठ्याही. बोटांवरची पट्टीसुद्धा. माझ्या अख्ख्या संग्रहात ड्रमवर बसलेल्या सांडूचे हात या एकाच फोटोत आहेत, कारण तो थांबला होता. मोईनची हनुवटीही लाकडावर नाहीये, तो तुझ्याकडे बघतोय, आणि अभयही पाठ सोडून तुझ्याकडे वळलाय. त्या तिघांना माझ्या आधी कळलं होतं. इतकी वर्षं मी फक्त तुझ्याकडे बघत होते, म्हणून मला ते दिसलं नाही.

नानासाहेबांना त्यात मोठा आवाज ऐकू आला. मलाही यायचा, खरं सांगते, सगळं माहीत असून यायचा. आता नाही येत. आता मला तीन माणसं दिसतात, जी तुझ्यासाठी थांबली आहेत.

तू ‘नको’ का म्हणालीस ते मला आत्ता कळतंय. लोकांनी त्या फोटोसमोर उभं राहून ‘वा’ म्हटलं असतं. मी म्हणाले होते तसंच.

मंजू


७ सप्टेंबर

मेघा,

काल प्रदर्शन उघडलं. गोदाम धुऊन काढलं, सॅटीनचे कनाती-पडदे शेवटचे टांगले, आणि फोटो त्यांवरच टाचले. नानासाहेबांनी स्वतः सुईदोऱ्यानं. ट्यूबलाईट लावू दिल्या नाहीत मी, शटर अर्धं ठेवलं. येणारा प्रत्येक जण वाकून आत आला. सुदर्शन कुरकुरला, “ताई, माणसं कमरेत मोडतील.” नानासाहेब म्हणाले, “मोडू दे. बघायला आल्यात ना?”

लोक आले. तुमच्या वेळचे कॉलेजातले काही, आता पोट सुटलेले, मुलाबाळांना घेऊन. एक जण तुझ्या पाणी पितानाच्या फोटोसमोर उभा राहून मुलीला सांगत होता, “ही बाई गायची ना, तर आपण शेवटच्या रांगेतसुद्धा कानावर हात ठेवायचो.” मुलगी म्हणाली, “मग ऐकायचात कशाला?”

मालनबाई आल्या होत्या! सांडूला प्रत्यक्ष पाहून म्हणाल्या, “अल्बममधला तो तूच व्हय? वाळला की रं.” आणि त्याला घरी जेवायला बोलावलं, आता रीतसर.

मोईन आणि अभय दोघंही होते. अभय पाठमोरा उभा राहून स्वतःचा पाठमोरा फोटो बघत होता. मी मुद्दाम कॅमेरा नेला नव्हता. पस्तावले.

मधल्या पडद्यावर एक जागा मी मोकळी सोडली होती, कशी भरावी ते सुचलं नाही म्हणून. सांडू तिथं येऊन थांबला.

“हितला कुठंय, ताई?”

“तिनं नको म्हटलं.”

“बरं केलं.” मग इकडंतिकडं बघून म्हणाला, “मी ऐकलं तिला.”

“कधी? कुठं?”

“औंदा. पोरीला लातूरला क्लासला टाकली ना. तिच्या खोलीच्या मीटरचं काम व्हतं, म्हणून वीज कंपनीच्या हापिसात गेलतो. पार्टिशनच्या मागून एक बाई फोनवर कुणाला तरी झापत व्हती. जाड आवाज, भरडा. मी म्हणलं असंल कुणी. अन् मग ती ‘थांबा’ म्हणली.” सांडूनं बोट वर केलं, जणू तो शब्द अजून हवेत आहे. “ते ‘थांबा’ अर्धी मात्रा मागं आलं, ताई. अन् माझा पाय हलला.”

“पाय?”

“ढोलाच्या पेडलवरचा पाय. ती कायम अर्धी मात्रा उशिरा येती. मी तिच्यासाठी थांबूनच वाजवायला शिकलो. आवाज सगळा बदललाय, वळखू येत नाय. ताल तोच हाय. मी बाकड्यावर बसलो अन् मांडीवर वाजवीत ऱ्हायलो. शिपाई म्हणला, काका, बरं वाटंना का?”

मी विचारलं, भेटला का नाहीस? तर म्हणाला, “भेटलो असतो तर म्हणली असती, कुणाला सांगू नको. मग आज तुम्हाला कसं सांगितलं असतं?”

मोईन मागं येऊन उभा होता. त्यानं विचारलं, “कैसा है आवाज, सांडू? सच बोल.”

सांडूनं नीट विचार केला. “रातच्याला गिरणी चालती ना, लांबून? तसा.” मग म्हणाला, “मला आवडला.”

मेघा, मला हेवा वाटला. इतका की मी शटरबाहेर जाऊन उभी राहिले. तू म्हणालीस हा आवाज माझा नाही, आणि ज्याच्या पुढं तू वर्षानुवर्षं उभी राहून गायलीस त्यानं पार्टिशनमागून एका शब्दात तुला ओळखलं. मला काय ओळखता येईल? मी तर तेव्हाही ऐकत नव्हते.

मंजू


११ सप्टेंबर

मेघा,

सोबत एक निगेटिव्हची पट्टी आहे, पातळ कागदात. बोटं कडेलाच लाव. शेवटची चौकट तुझी. आधीच्या चौकटींत एक मुलगी सासरी चाललीये, तिच्यावरून कात्री फिरवायला मन झालं नाही. मोठा प्रिंट मी फ्रेममधून सोडवून पुठ्ठ्यात गुंडाळलाय, सांगशील तिकडे पाठवीन. माझ्याकडे दुसरी प्रत नाही. पट्टीचं तू काय करशील ते मला कळवू नकोस.

गोदाम पुढच्या आठवड्यात पाडणार आहेत. त्याआधी, येत्या रविवारी सकाळी, मी तिथं एकटी जाणार आहे. फोटो उतरवलेले असतील. शटर अर्धं वर करीन, नवरदेवाच्या त्या खुर्चीत बसेन आणि तुला फोन करीन. कॅमेरा स्टुडिओत ठेवून येणार आहे.

गाऊ नकोस. ख्यालीखुशालीही विचारू नकोस. ‘कोण’ म्हण, ‘थांबा’ म्हण, तुमच्या गिऱ्हाइकाला झापतेस तशी मला झापलीस तरी चालेल. बिल भरलं नाही असं समजून बोल. किंवा स्टेजवरून विचारायचीस तेच विचार, मागच्यांना ऐकू येतंय का. मी मागं असेन. डोळे मिटून.

तू उचलणार नाहीस. मला माहीत आहे. फोन वाजेल, बंद होईल, बाहेर एखादा ट्रक जाईल, आणि मी शटर ओढून घरी येईन. तुझा मेसेज येईल दुपारी, ‘मीटिंगमध्ये होते.’ रविवारी मीटिंग नसते, तरी मी विचारणार नाही.

तरी सांगते. रविवारी, सकाळी. उचल.

मंजू